एक्स्टेंडेड वॉरंटी घेण्याआधी तिचं मागचं पान वाचा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, कोरेगावजवळच्या शाळेत शिकवते. आमची छोटी एसयूव्ही आहे: १ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ७ गिअरची डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक. रोज शाळेचं जाणं-येणं ४० किमी, महिन्यातून एकदा पुणे, असं महिन्याला साधारण १,१०० किमी होतं. गाडी ३७,००० किमी चालली आहे. ३ वर्षं किंवा १ लाख किमीची कंपनीची वॉरंटी दोन महिन्यांत संपते आहे. ती पैसे भरून पुढे वाढवून घ्या, म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, म्हणून शोरूममधून सारखे फोन येतात. चौथ्या वर्षाचे १०,६२० रुपये, चौथं-पाचवं मिळून २३,६००, जीएसटी धरून. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे हे पैसे जड वाटतात; पण उद्या अचानक लाखभर काढायची वेळ आली तर ते त्याहून जड जाईल. अडचण अशी, की २०,००० किमीची सर्व्हिस आम्ही ओळखीच्या गॅरेजमध्ये केली, आणि रिव्हर्स कॅमेरा व अँड्रॉइड प्लेअर बाहेरून बसवला आहे. वॉरंटी घ्यावी का? माझ्या दिरांची ६ वर्षांची साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी आहे, ७१,००० किमी चाललेली. त्यांनाही एका बाहेरच्या कंपनीचा फोन आला, १४,००० रुपयांत वर्षभराची वॉरंटी म्हणून. त्यांनी काय करावं?

— एक शिक्षिका, सातारा

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. तुमच्या गाडीसाठी घ्या, आणि दोन्ही वर्षांची घ्या. दिरांनी घेऊ नये. मात्र तुमचे पैसे आज भरू नका. बाहेर झालेली सर्व्हिस आणि कॅमेऱ्याची वायरिंग ही दोन प्रकरणं आधी मार्गी लावा, नाहीतर २३,६०० रुपये भरूनही ऐन वेळी हातात काहीच येणार नाही.

फोन करणारी मंडळी "गाडीचं पूर्ण टेन्शन मिटेल" असं म्हणतात. तसं होत नाही. गाडीवर होणारा खर्च तीन वेगवेगळ्या खिशांतून जातो आणि वॉरंटी त्यातला एकच खिसा भरते. पहिला खिसा झिजेचा: ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, ऑइल, टायर, सस्पेन्शनचे रबरी बुश. हे वापराने संपणारच, ते वॉरंटीत येत नाहीत. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची असते. दुसरा खिसा अपघाताचा: धडक, पुराचं पाणी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. हे विम्याचं क्षेत्र. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला, तर वॉरंटीवाले दारातूनच परत पाठवतात. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही ते बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घ्यावं लागतं. तिसरा खिसा म्हणजे नीट वापरलेल्या, वेळेवर सर्व्हिस केलेल्या गाडीतला एखादा पार्ट स्वतःच्या दोषाने बंद पडणं. एक्स्टेंडेड वॉरंटी फक्त या तिसऱ्या खिशासाठी असते.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: तुमच्या गाडीत असे महागडे, स्वतःहून बिघडू शकणारे पार्ट किती आहेत?

तुमच्या गाडीत बरेच आहेत. डीसीटी गिअरबॉक्स, त्याचे क्लच ॲक्च्युएटर (क्लच दाबणारी-सोडणारी यंत्रणा), त्याचा कंट्रोलर म्हणजे टीसीयू, टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा), हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग, एबीएसचं मॉड्यूल, एसीचा कॉम्प्रेसर. ढोबळ अंदाज द्यायचा तर एसी कॉम्प्रेसर मजुरीसकट २०-३५ हजारांत बसतो, टर्बो त्याच्या दुप्पट किंवा जास्त, आणि डीसीटीचं मोठं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. आमच्या अंदाजावर विसंबू नका. वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर जा, आरसीवरचा चासी नंबर द्या आणि चार पार्टची एमआरपी लिहून घ्या: डीसीटीचा ड्युअल क्लच संच, क्लच ॲक्च्युएटर, टर्बो, स्टीअरिंग कॉलम असेंब्ली. दहा मिनिटांचं काम आहे. तो कागद हातात आला की २३,६०० जास्त आहेत की कमी, हे सेल्समनला विचारावं लागणार नाही.

डीसीटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा निर्णय मुख्यतः तिच्यामुळेच वॉरंटीच्या बाजूने झुकतो. १ लिटर टर्बोसोबत येणाऱ्या ७ गिअरच्या डीसीटीत सहसा कोरडे क्लच असतात. दोन क्लच, एकावर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६ गिअर. त्यांना गार करायला तेलाचा प्रवाह नसतो, फक्त हवा. मोकळ्या रस्त्यावर ही उत्तम चालते. तिला त्रास होतो तो चढावर रांगेत सरकताना. पुण्याहून येताना सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात रांग लागली की गाडी ५ किमीच्या वेगाने सरकत राहते, क्लच पूर्ण चिकटत नाही आणि पूर्ण सुटतही नाही, घसरत राहतो आणि तापतो. वारंवार तापला की त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग जागेवरून निघताना गाडी थरथरते.

ही थरथर घरीच तपासता येते. इंजिन गरम असताना सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा. एसी बंद. ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, गाडी आपोआप सरकू द्या. पहिल्या ८-१० मीटरमध्ये स्टीअरिंगमध्ये किंवा सीटखाली 'धडधडधड' अशी कंपनं आली, की लिहून ठेवा. मग हलक्या चढावर, मागे कुणी नसताना, तेच करा. इथे मात्र अगदी हळू ॲक्सिलरेटर द्या. त्यानंतर दुसरा गिअर पडताना झटका बसतो का पाहा. आणि चढावर थांबायचं तेव्हा गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबून ठेवा. पुढची गाडी एका गाडीइतकी पुढे गेली की मगच सोडा. अर्ध्या-अर्ध्या फुटाने सरकू नका. एवढ्या एका सवयीने क्लचचं आयुष्य खूप वाढतं.

आता हिशेब. दोन वर्षांचे २३,६०० म्हणजे महिन्याला ९८३ रुपये. दोन वर्षांत तुम्ही २६,४०० किमी चालवाल, म्हणजे किलोमीटरला ९० पैशांच्या आसपास. चौथ्या वर्षाचे १०,६२० वजा केले तर पाचवं वर्ष १२,९८० ला पडतं. ते महाग असणं रास्त आहे, कारण पार्ट जसे जुने होतात तसे जास्त बिघडतात. "आत्ता एकच वर्ष घेते, दुसरं पुढच्या वर्षी पाहू" असं डोक्यात असेल तर आधी विचारा, पुढच्या वर्षी वाढवू देतात का आणि कोणत्या दराने. काही योजनांत मूळ वॉरंटी संपायच्या आत जेवढं घ्याल तेवढंच. नंतर दार बंद.

किलोमीटरच्या मर्यादेची तुम्हाला काळजी नाही. या वेगाने पाच वर्षं पूर्ण होताना गाडी ६६,००० च्या आसपास असेल. म्हणून कुणी "अमर्याद किलोमीटर"चा महागडा प्लॅन पुढे केला तर नको म्हणा. तुमची वॉरंटी तारखेने संपणार आहे, किलोमीटरने नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. योजना विकणारी कंपनी तोट्यात धंदा करत नाही. बहुतेक ग्राहकांना भरलेले पैसे परत वसूल होत नाहीत. एक लाखाचं काम निघण्याची शक्यता दोन वर्षांत चारात एक असेल, तरच २३,६०० चा व्यवहार नुसत्या आकड्यांवर बरोबरीत सुटतो. सांभाळून चालवलेल्या गाडीत ती शक्यता एवढी नसते. म्हणजे ज्याच्याकडे लाखभर रुपये बाजूला पडून आहेत, त्याने वॉरंटी न घेणंच बहुधा फायद्याचं. तुमचं तसं नाही. घराचा हप्ता आहे, गाडी रोजच्या नोकरीला लागते आणि एकरकमी लाख काढायला तुम्हाला कर्ज काढावं लागेल. म्हणून महिन्याला हजार रुपये देऊन तो एक मोठा फटका टाळणं तुमच्यासाठी शहाणपणाचं आहे. हेच पत्र मॅन्युअल, विनाटर्बो गाडीबद्दल असतं तर आमचं उत्तर उलट असतं.

आता मागचं पान. माहितीपत्रकाच्या पुढच्या पानावर "इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकल्स कव्हर्ड" असं ठळक छापलेलं असतं. तुम्ही पूर्ण नियम-अटींची पीडीएफ मागवा आणि "यात काय येत नाही" हा भाग पहिल्यांदा वाचा. चार जागी पेन्सिलने खूण करा.

पहिली जागा 'क्लच' हा शब्द. जवळपास सगळ्याच योजनांत क्लच प्लेट झिजणारा पार्ट म्हणून वगळलेली असते. मॅन्युअल गाडीत ते ठीक आहे. पण डीसीटीत क्लच संच हाच सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त तक्रारींचा भाग. तो वगळला असेल तर उरलेल्या वॉरंटीची किंमत निम्म्यावर येते, आणि मग आमचा सल्लाही बदलतो: फक्त चौथं वर्ष घ्या किंवा अजिबात घेऊ नका. दुसरी जागा म्हणजे रकमेची मर्यादा, एका क्लेमला किती आणि सगळे मिळून किती. तिसरी, परिणामी नुकसान. समजा वॉटर पंप गळला, तापमानाचा लाल दिवा लागला आणि "घर चार किलोमीटरवर आहे" म्हणून गाडी तशीच नेली, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेलं. पंप वॉरंटीत बसेल. हेडचं काम तुमच्या माथी येईल, कारण दिवा लागल्यावर गाडी थांबवली नाही. चौथी जागा म्हणजे क्लेम मंजूर झाला तरी तुम्ही काय भरायचं. कॉम्प्रेसर फुकट बदलला तरी एसीचा गॅस आणि कॉम्प्रेसरचं तेल बिलात येतं. गिअरबॉक्स उघडला तर गिअर ऑइल येतं. हे आधी माहीत असलं की काउंटरवर वाद होत नाही.

वॉरंटी कुणाची आहे हेही त्याच कागदावर बघा. गाडी बनवणाऱ्या कंपनीची योजना देशभरातल्या तिच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. कधी कधी डीलर त्याच काउंटरवर दुसऱ्याच कंपनीची योजना विकतो. पावतीवर शोरूमचं नाव असतं आणि प्रमाणपत्रावर वेगळंच. तुम्हाला कंपनीचीच हवी. आणि तिच्यासोबत सिरॅमिक कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग असं पॅकेज गळ्यात मारू देऊ नका. त्यांचा वॉरंटीशी संबंध नाही. भाव एकाच शोरूमला विचारून थांबू नका. कऱ्हाडला किंवा पुण्याला त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरला फोन करा. डीलरच्या हातात थोडी सूट असते, ती मागणाऱ्याला मिळते.

आता तुमची खरी अडचण: २०,००० ची सर्व्हिस.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ गाडी कंपन्यांना बजावलं होतं, की बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, पण भांडताना हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. तरी प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. वॉरंटी विकताना सर्व्हिसचा इतिहास सहसा कुणी तपासत नाही. पैसे घेतात, प्रमाणपत्र देतात. दीड वर्षाने टर्बो गेला की मग संगणकावर १०,००० नंतर थेट ३०,००० ची नोंद दिसते आणि क्लेम अडतो. टर्बोच्या बाबतीत त्यांच्याकडे सांगायला कारणही असतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तरंगतो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल चुकीच्या ग्रेडचं किंवा बदलायला उशीर झालेला असेल तर बेअरिंग खातं. म्हणून "त्या सर्व्हिसला कोणतं ऑइल घातलं?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे कागदावर हवं.

तेव्हा त्या गॅरेजवाल्याकडून बिलाची नवी प्रत घ्या, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, किती लिटर, ऑइल फिल्टरचा पार्ट नंबर, सही-शिक्क्यासकट. जे खरोखर घातलं तेच लिहायला सांगा. मागाहून बदललेलं बिल तुम्हालाच अडचणीत आणेल. मग डीलरला नव्हे तर कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, डीलरला प्रत ठेवून, असं लिहा:

"माझ्या गाडीचा चासी नंबर अमुक, आजचं रीडिंग ३७,००० किमी. २०,००० किमीची सर्व्हिस अमुक तारखेला बाहेरच्या गॅरेजमध्ये झाली, बिल जोडलं आहे. बाकी सर्व सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये झाल्या आहेत. (१) या इतिहासासह चौथ्या व पाचव्या वर्षाची वॉरंटी वैध राहील का? (२) डीसीटीचा ड्युअल क्लच संच, क्लच ॲक्च्युएटर आणि टीसीयू यांपैकी काय वॉरंटीत येतं? (३) क्लेमच्या रकमेवर मर्यादा आहे का? (४) गाडी विकल्यास वॉरंटी नव्या मालकाच्या नावे करायला किती दिवसांत अर्ज करायचा आणि फी किती?"

उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका. फोनवर "हो मॅडम, काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर धरायचं नाही. दोन महिने हातात आहेत, पण अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणू नका. काही योजनांत मूळ वॉरंटी संपत आली की दर वाढतो किंवा गाडीची तपासणी सक्तीची होते.

दुसरी अडचण, कॅमेरा आणि प्लेअर. बाहेर कॅमेरा बसवताना बहुतेक वेळा त्याचा वीजपुरवठा रिव्हर्स लाइटच्या वायरमधून घेतात. डिकीच्या दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण काढून बघा. मूळ वायरचं वरचं प्लास्टिक सोलून त्यावर दुसरी वायर गुंडाळून काळी टेप लावलेली दिसेल, किंवा वायरला टोचून बसणारा छोटा निळा-लाल क्लिप. दोन पावसाळ्यांत टेपचा डिंक सुटतो, ओल शिरते आणि तांब्यावर हिरवट थर येतो. आजच्या गाड्यांत दिव्यांचा प्रवाह बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे दिवे वगैरे चालवणाऱ्या छोट्या संगणकातून जातो. अशा सांध्यावर शॉर्ट झालं तर ते मॉड्यूलच जाऊ शकतं. ते वॉरंटीत मिळणार नाही, आणि या बाबतीत कंपनीचं म्हणणं बरोबर असेल.

यावर उपाय आहे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोललेल्या जागा मूळ स्थितीत आणून घ्या आणि तुमच्या मॉडेलचा कपलर वापरा, जो मूळ कनेक्टर आणि प्लेअर यांच्यामध्ये बसतो, वायर न कापता. काम झाल्यावर उघड्या वायरिंगचे तारखेसह फोटो काढून ठेवा. मूळ स्टिरिओ घरात असेल तर जपून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: कॅमेऱ्याच्या वायरचं कारण दाखवून कुणी एसी कॉम्प्रेसरचा किंवा टर्बोचा क्लेम नाकारत असेल, तर त्या वायरमुळे हा पार्ट नेमका कसा बिघडला, ते लेखी मागा.

मूळ वॉरंटीचे दोन महिने शिल्लक आहेत, ते वाया घालवू नका. नवीन वॉरंटीत "आधीपासूनचा दोष" वगळलेला असतो. म्हणजे आज असलेला बिघाड आज नोंदवला नाही, तर चार महिन्यांनी तो तुमचाच ठरू शकतो. वर्कशॉपला जाण्याआधी आठवडाभर गाडी कान देऊन चालवा. रेडिओ बंद, काचा अर्ध्या उघड्या. स्पीड ब्रेकरवर पुढून 'टक' आवाज येतो का. उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवताना खरखर होते का. दुपारी एसी लागायला किती वेळ घेतो. सकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा किंवा हिरव्या-गुलाबी कूलंटचा थेंब आहे का (एसीचं स्वच्छ पाणी असेल तर घाबरू नका). चारही काचा, सनरूफ असेल तर तोही, न अडखळता चालतात का. आणि वर सांगितलेली थरथरीची चाचणी.

मग गाडी वर्कशॉपला न्या आणि जॉब कार्डवर प्रत्येक तक्रार वेगळ्या ओळीत लिहून घ्या. इथे शब्दांना फार महत्त्व आहे. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत "जनरल चेकअप" लिहितो, आणि पुढे त्या कार्डाचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी असं हवं: "इंजिन गरम असताना पहिल्या गिअरमध्ये सुटताना ५ ते १० किमी वेगात थरथर, ३७,०५० किमी." लिफ्टवर गाडी चढवून खालून इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा आणि शॉक ॲब्सॉर्बर तुमच्यासमोर दाखवायला सांगा. स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे एरर कोड वाचायला सांगा आणि त्या स्क्रीनचा फोटो घ्या. जॉब कार्डची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पार्ट यायला महिना लागला आणि मध्ये वॉरंटी संपली, तरी मुदतीतल्या तारखेची नोंद तुमच्या हातात राहते.

पुढे कधी क्लेमची वेळ आली, तर एक चूक हमखास होते ती टाळा. गाडी बंद पडली की ओळखीचा मेकॅनिक येतो, चार नट खोलतो, "गिअरबॉक्स गेलाय" म्हणतो, आणि मग गाडी वर्कशॉपला जाते. उघडलेल्या पार्टचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. लाल दिवा दिसला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मीटरचा फोटो काढा, रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि टो करून न्या. पार्ट खोलण्याआधी विचारा, की क्लेम नामंजूर झाला तर खोलण्या-जोडण्याची मजुरी कुणी भरायची, आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नाकारलं त्याच्यासकट. डीलरच्या वर कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर असतो; जॉब कार्ड नंबर देऊन ग्राहक सेवेकडे त्याची तपासणी मागता येते. बरेच अडलेले क्लेम तिथेच सुटतात. नाही सुटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच दाखल करता येतं, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. वकील सक्तीचा नाही. मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. गाडीची किंमत धरून १० ते २० लाखांच्या गटात गेलात तरी ४०० रुपये.

दिरांच्या गाडीचं थोडक्यात. साधं विनाटर्बो इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. ७१,००० किमीला या गाडीत पुढे काय निघणार? क्लच प्लेट, शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, टायर, बॅटरी. यातलं जवळजवळ काहीच वॉरंटीत येत नाही, आणि जे येतं ते सहसा बिघडत नाही. शिवाय बाहेरच्या कंपनीच्या योजनेत जुन्या गाडीसाठी रकमेची मर्यादा, सुरुवातीचे काही दिवस क्लेम न देण्याची अट आणि ठरावीक गॅरेजची यादी हे तिन्ही असू शकतं. त्यांनी दरमहा १,२०० रुपयांची आरडी उघडावी. वर्षाला १४,४०० जमतात, क्लच आणि बुशचं काम त्यात होतं, आणि नाही निघालं तर पैसे घरातच राहतात. फोनवर आलेल्या कुणालाही आरसीचा फोटो, कार्ड नंबर किंवा ओटीपी देऊ नये. "ऑफर आज रात्री बंद" असं म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. त्यांच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार असेल तर तो वॉरंटीच्या भीतीने थांबवायची गरज नाही, फक्त आरसीवर इंधनाची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं चुकवू नये.

ताई, तुमच्या ईमेलला "वैध राहील" असं उत्तर आलं, क्लच संचाबद्दल समाधान झालं, की पैसे चेकने किंवा यूपीआयने डीलरच्या खात्यावर भरा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून तीन गोष्टी जुळवा. चासी नंबरची १७ अक्षरं आरसीशी. सुरू होण्याची तारीख, जी मूळ वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची हवी. पैसे भरल्याच्या दिवसापासून धरली असेल तर तुमचे दोन महिने बुडतात. आणि योजनेचं नाव, जे ईमेलमध्ये आलं होतं तेच. एखादा आकडा चुकला असेल तर तो त्याच दिवशी दुरुस्त करून मिळतो. क्लेमच्या वेळी लक्षात आला तर मिळत नाही.